वाचलात ना? मग वाचता येतंय का?

डोक्याला मुका मार लागला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. रक्त आलं का? उलटी झाली का? बेशुद्ध पडला होतास का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं की घरच्यांच्या जिवात जीव येतो. कुणीतरी चहा टाकतं आणि शेजारचे काका म्हणतात, 'थोडक्यात वाचलास बाबा!'

चौथा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. वाचलास हे बरंच झालं, पण वाचता येतंय का?

कोटी वाटेल, पण नाही. डोक्याला मार लागून आठ-पंधरा दिवसांनी ऑफिसला जॉइन झालेल्यांपैकी काही जणांची तक्रार नेमकी हीच असते. एक्सेल उघडलं की दहाव्या मिनिटाला कपाळ ठणकायला लागतं. वरच्या ओळीतला आकडा खालच्या ओळीत उतरल्यासारखा दिसतो. वाचताना मधलीच एखादी ओळ गळते. मोबाइलवर भराभर स्क्रोल केलं की मळमळतं. आठवडी बाजारात शिरलं की भोवळ येते. मग स्वारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते आणि भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवते. 6/6! चष्म्याचा नंबर तोच. मेंदूचा सीटी स्कॅन तर आधीच नॉर्मल आलेला. आता बॉसला सांगणार काय? बॉस मनातल्या मनात 'टाइमपास' म्हणतो, घरचे 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणतात आणि महिन्याभरात त्या माणसालाही वाटायला लागतं, की हे सगळे आपल्या मनाचेच खेळ असावेत.

मनाचे खेळ नाहीत हे. याला कारण आहे, ते शोधायची तपासणी आहे आणि बऱ्याच जणांसाठी उपायही आहे. फक्त 'नंबर तोच आहे' या वाक्यावर गाडी थांबवायची नाही.

पहिलं पोस्टिंग, पहिली बाइक

हा विषय आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या नकाशावर मांडायचा आहे. आपल्यातल्या किती तरी जणांचं पहिलं पोस्टिंग तिकडे होतं. कुणी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात, कुणी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, कुणी कोळसा खाणीत, कुणी आलापल्लीच्या बँकेत, कुणी वनखात्यात. तिथे गेलं की आठवड्याभरात एक गोष्ट कळते, बाइकशिवाय जगणं नाही. बस आहे, पण तिच्या वेळेला तुम्ही जायचं, तुमच्या वेळेला ती येत नाही.

रस्तेही साधे नाहीत. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मध्ये काळीभोर पट्टी, आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात अचानक उभा राहणारा रोही. (पुणेकरांसाठी, रोही म्हणजे नीलगाय.) रानडुक्कर तर थांबतही नाही, सरळ चाकाखाली घुसतं. एटापल्ली-आलापल्ली भागात सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू होतो, तो वेगळाच. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं माहेरघर. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत रंगतं. मग तेच प्रेक्षक धुक्यातून, तारवटलेल्या डोळ्यांनी, कधी ट्रिपल सीट घराकडे निघतात.

आणि हेल्मेट? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की तिकडे डोक्याला गुंडाळला जातो तो दुपट्टा. उन्हापासून तो नक्की वाचवतो. डांबरापासून नाही.

पडल्यावर बाजूचे धावत येतात, हात देतात आणि म्हणतात, 'काई नाही झालं, उठ बे!' माणूस उठतोही. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

सिडनी, जानेवारी 1981

ही 'उठ बे' संस्कृती फक्त झाडीपट्टीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. जानेवारी 1981 मध्ये सिडनी टेस्टमध्ये आपला संदीप पाटील 65 वर खेळत होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. लेन पॅस्कोचा बाउन्सर कानाजवळ बसला, पाटील पिचवरच कोसळला आणि त्याला रिटायर्ड हर्ट व्हावं लागलं. दुसऱ्या डावात तो बॅट घेऊन परत आला. त्याच महिन्यात पुढच्या टेस्टमध्ये, अॅडलेडला, त्यानं 174 ठोकले. मराठी घराघरांत ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगितली गेली, आणि तो पराक्रम होताच.

पण आज तोच चेंडू लागला तर काय होईल? 2019 पासून आयसीसीच्या नियमात कन्कशन सब्स्टिट्यूट आहे. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या टी-ट्वेंटीत रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तर त्याच्या जागी युझवेंद्र चहल उतरला आणि तीन विकेट काढून मॅन ऑफ द मॅच झाला. म्हणजे क्रिकेटला कळलं, की डोक्याला मार लागलेला माणूस उभा राहू शकतो याचा अर्थ तो ठीक आहे असा होत नाही. ऑफिसांना हे कळायचंय. तुमच्या एक्सेल शीटला सब्स्टिट्यूट नसतो ना!

तक्ता काय सांगत नाही

कन्कशन म्हणजे काय? डोक्याला दणका बसला की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो, हाड मोडलं असेल तर तेही दाखवतो. ताणलेले तंतू त्यात दिसत नाहीत. म्हणून सीटी नॉर्मल येणं ही आनंदाची बातमी आहे, पण 'काहीच झालेलं नाही' असं ते सर्टिफिकेट नव्हे. बहुतेकांची शुद्धही हरपत नाही, हे लक्षात ठेवा.

आता डोळ्यांकडे या. 6/6 ची परीक्षा कशी होते? सहा मीटरवर एक स्थिर अक्षर, आणि तेही एका वेळी एका डोळ्यानं. तुमचं काम कसं चालतं? हातभर अंतरावर, दोन्ही डोळ्यांनी, तासन् तास, एका ओळीवरून दुसरीवर. या दोन परीक्षाच वेगळ्या आहेत.

प्रत्येक डोळ्याला हलवायला सहा स्नायू, दोन्हींचे मिळून बारा. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा तीन, पण हुकूम तयार होतो तो मेंदूच्या कितीतरी भागांत मिळून. जवळचं वाचायचं तर दोन्ही बुबुळं सारख्याच बेतानं नाकाच्या दिशेनं आत वळावी लागतात. याला म्हणतात कन्व्हर्जन्स. त्याच वेळी डोळ्यातल्या भिंगाला फोकस जवळ आणावा लागतो. मग एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर अचूक उडी, तिचं नाव सॅकेड. आणि चालताना, मान हलवताना समोरचं चित्र स्थिर राहावं म्हणून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी सतत बोलणी. बैलजोडीसारखं आहे हे. दोन्ही बैल धडधाकट असले तरी जू सरकलं की तास वाकडं जातं. तक्ता एकेका बैलाची तब्येत तपासतो, जू कुणी बघतच नाही.

हे किती वेळा घडतं? फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कन्कशन झालेल्या 11 ते 17 वर्षांच्या 100 मुलांची तपासणी केली आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. 69 जणांमध्ये दृष्टीचा एक तरी दोष निघाला. फोकसचा दोष 51 जणांना, कन्व्हर्जन्सचा 49 जणांना, सॅकेडचा 29 जणांना, आणि काहींना एकाहून जास्त. ही मुलं कन्कशनच्या खास क्लिनिकमध्ये आलेली होती, त्यामुळे गाडीवरून पडणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा चिकटवू नका. पण हा दुर्मीळ प्रकार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

पहिले दोन दिवस आणि पहिला महिना

आधी तातडीचं. डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या थांबेनात, फिट आली, बोलणं अडखळायला लागलं, हातापायातली ताकद गेली, माणूस झोपेतून नीट जागा होईना, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, किंवा पडल्यापडल्या एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तर हा लेख बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. तिथे व्हिजन थेरपीचा काही संबंध नाही, तिथे न्यूरोसर्जनचा संबंध आहे.

हे काही नसेल तर पहिले एक-दोन दिवस आराम. आराम म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणं नव्हे. घरात हिंडाफिरा, हलकं चाला, पण स्क्रीन बंद. याला पुरावाही आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 12 ते 25 वयाच्या 125 जणांचे दोन गट केले होते. पहिले 48 तास स्क्रीनपासून लांब राहायला सांगितलेले साधारण साडेतीन दिवसांत बरे झाले, स्क्रीनची मुभा असलेल्यांना आठ दिवस लागले. म्हणजे हॉस्पिटलच्या कॉटवर पडून रील बघणं हा विरंगुळा चांगलाच महाग पडतो.

मोठ्या माणसांची बहुतेक लक्षणं दोन आठवड्यांत ओसरतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. डोळ्यांच्या तक्रारीही बऱ्याचदा याच काळात आपोआप कमी होतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणी थेरपीचं महागडं पॅकेज विकायला आलं तर हात जोडा. पण महिना उलटूनही अक्षरं हलत असतील तर मात्र 'होईल हळूहळू' म्हणत बसू नका.

तपासणी मागून घ्या

ही तपासणी मोठ्या मशिनची नाही. पिट्सबर्गमध्ये तयार झालेली आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली 'व्हॉम्स' नावाची चाचणी पाच-दहा मिनिटांत होते आणि तिला जवळपास एक मोजपट्टी पुरते. बोट फिरवून नजर त्यामागे जाते का, दोन टोकांमध्ये झटपट उड्या मारता येतात का, मान हलवताना अक्षर स्थिर राहतं का, आणि यातलं काय केल्यावर डोकं दुखतं किंवा गरगरतं, हे बघतात. मग छोटं अक्षर हळूहळू नाकाकडे आणतात. ते एकाचे दोन कुठे होतात? साधारण पाच सेंटिमीटरच्या आत झाले तर ठीक. त्याच्या बराच आधी फुटत असेल तर कन्व्हर्जन्स तपासायला हवा.

घरी पेनाचं टोक नाकाकडे आणून अंदाज घेता येतो. तीन बोटांच्या अंतरापर्यंत टोक एकच राहिलं पाहिजे. पण हा फक्त अंदाज, निदान नव्हे. जिना उतरताना पायऱ्या एकावर एक दिसत असतील किंवा नीट दिसावं म्हणून मान तिरकी करावी लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. डोळ्याचा एक स्नायू सांभाळणारी चौथी नस लांब आणि बारीक असते, डोक्याच्या दणक्यात ती दुखावू शकते.

आणि नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर फक्त 'दिसत नाही' म्हणू नका, कारण तुम्हाला दिसतंय! सांगा, की डोक्याला मार लागल्यापासून वाचवत नाही, किती मिनिटांनी त्रास सुरू होतो, आणि दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम तपासायचंय. या विभागाला 'बायनॉक्युलर व्हिजन' किंवा 'ऑर्थोप्टिक्स' म्हणतात. शब्द लिहून न्या.

पेन्सिल, दोरी आणि तीन मणी

व्हिजन थेरपी म्हणजे काय, तर डोळ्यांच्या टीमवर्कची फिजिओथेरपी. पेन्सिल नाकाकडे आणत एकच ठेवायचा सराव. दोरीत ओवलेले तीन रंगीत मणी, दोरीचं एक टोक नाकाशी आणि दुसरं खिडकीच्या गजाला, आणि नजर एका मण्यावरून दुसऱ्यावर. जवळ-लांब फोकस बदलण्यासाठी भिंगं, गरजेप्रमाणे प्रिझम. बघायला पोरखेळ, पण दहा मिनिटांत घाम काढतो.

उपयोग होतो का? इथे नीट ऐका. अमेरिकेत 2008 मध्ये 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर मोठी चाचणी झाली. कन्व्हर्जन्स कमजोर होता, पण ही डोक्याला मार लागलेली मुलं नव्हती. बारा आठवडे, दर आठवड्याला तासभर थेरपिस्टसमोर आणि शिवाय घरी सराव, असं केलेल्यांपैकी 73 टक्के बरे झाले किंवा सुधारले. घरी फक्त पेन्सिल पुश-अप करणाऱ्यांत हे प्रमाण 43 टक्के, आणि खोटी थेरपी दिलेल्यांत 35. म्हणजे नुसती पेन्सिल आणि खोटी थेरपी, यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही! समोर बसून करून घेणारा माणूस लागतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2019 मधल्या पुढच्या चाचणीत या थेरपीनं मुलांचं वाचून समजणं खोट्या थेरपीपेक्षा जास्त सुधारलं नाही. मोठ्या माणसांवरचा आणि कन्कशननंतरचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. तेव्हा सूत्र साधं ठेवा. मोजलेला दोष असेल तर त्याची थेरपी घ्या, आणि दर काही आठवड्यांनी तेच माप पुन्हा घ्यायला लावा. माप हलत नसेल तर थांबा. 'स्मरणशक्ती वाढेल, कॉन्फिडन्स येईल, चष्मा जाईल' असं सगळं एकाच पॅकेजमध्ये मिळत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

पावणेदोनशे किलोमीटर

आता खरी अडचण. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून नागपूर पुन्हा जवळपास तेवढंच. चंद्रपूरहून नागपूर दीडशे. ज्याला बसमध्ये खिडकीबाहेर बघितलं तरी भोवळ येते, त्यानं दर आठवड्याला हा प्रवास करून तासभर मणी बघायचे? मग बहुतेक जण पहिल्या फेरीनंतर जातच नाहीत. नोकरी करणारा निदान रजा टाकतो. रोजंदारीवरच्या माणसाला ना रजा, ना निदान. रेतीच्या घमेल्याला अक्षरं नसतात, त्यामुळे त्याचा त्रास कुणाच्या लक्षातही येत नाही. तो फक्त पुन्हा पुन्हा अडखळतो, आणि लोक म्हणतात, घेतली असेल.

मार्ग अगदी नाही असं नाही. पहिली तपासणी आणि सरावाची शिकवणी प्रत्यक्ष, पुढचे काही सेशन व्हिडिओ कॉलवर, आणि महिन्यातून एकदा माप घ्यायला फेरी, असा बेत थेरपिस्टशी बोलून ठरवता येतो. चंद्रपूर आणि बल्लारशाह दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर आहेत. त्यामुळे गुंतागुंतीच्या केससाठी हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय गाठणं पुणे-मुंबईपेक्षा कधी कधी सोपं पडतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी मोजपट्टी घेऊन ही दहा मिनिटांची चाचणी करणारा एक ऑप्टोमेट्रिस्ट असला, तर निम्म्या फेऱ्या वाचतील. ही काही एमआरआय मशीनची मागणी नाही.

बॉसला दाखवा

हा भाग कापून मेल केलात तरी चालेल. डोक्याला मार लागून परतलेल्या सहकाऱ्याला पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम द्या. मोठा फॉन्ट, कमी ब्राइटनेस, दर वीस मिनिटांनी लांब बघायची सुट्टी. लांबलचक शीट असेल तर प्रिंट आणि खाली धरायला पट्टी. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून भराभर स्क्रोल करू नका. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला बाइकवर साइटवर पाठवू नका. ज्याला अंतराचा अंदाज येत नाही, त्याला पुढचा ट्रक किती लांब आहे हे कळणार कसं?

बाइक हा शब्द आलाच आहे, तर हेल्मेटचं सांगून टाकते. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये काढलेला हिशेब असा, की हेल्मेट घातल्यानं मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा 42 टक्क्यांनी कमी होतो. उन्हाळ्यात आत पातळ सुती दुपट्टा बांधा, वरून हेल्मेट चढवा आणि पट्टा लावा. दोन्हींचं भांडण नाही.

आणि पुढच्या वेळी टीममधला कुणी गाडीवरून पडून, कपाळावर पट्टी लावून, हसत हसत डेस्कवर परत आला, की 'थोडक्यात वाचलास' म्हणा, चहा पाजा. मग समोर एक छापील कागद ठेवा आणि चौथा प्रश्न विचारा. उत्तर द्यायला त्याला दहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ द्या.